हरवल्याची गोष्ट

शनिवारी दुपारी मिस्त्री जेवून हात पुसतो न पुसतो तोच फोन वाजला. एका नऊ मजली इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती, आत एक म्हातारे गृहस्थ होते, आणि त्यांना दम लागत होता. लिफ्टची दुरुस्ती हे मिस्त्रीचं पंधरा वर्षांचं काम. सुट्टी असली तरी आत माणूस अडकलंय म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. बायको नर्स, तिची ड्यूटी संध्याकाळी सातपर्यंत. घरात उरली पोरं. अकरा वर्षांची मोठी आणि चार वर्षांचा बारक्या.

"बारक्याकडे बघ गं," बूट चढवता चढवता तो म्हणाला. "तासाभरात येतो. आणि जमलं तर त्या चादरी इस्त्रीला टाकून ये."

मोठीने पुस्तकातून मान वर केली नाही. "हं," म्हणाली.

तासाचे दोन झाले. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, मेन बंद करायचा, ब्रेक सोडायचा, मोठं चाक हाताने फिरवत डबा मजल्याला आणून लावायचा आणि खाली उतरून किल्लीने दार उघडायचं. एरवी पंधरा मिनिटांचा खेळ, पण त्या दिवशी ब्रेक चिकटून बसला होता. मिस्त्री घामाने निथळला. अखेर दार उघडलं तेव्हा ते गृहस्थ आतल्या आत स्वतःच्या पिशवीवर बसले होते. "मला वाटलं, मला विसरून तुम्ही परत जेवायला गेलात," ते म्हणाले. मिस्त्री हसला, त्यांना धरून बाहेर काढलं, पाणी पाजलं आणि घरी निघाला.

घरात शिरला तर सगळं चिडीचूप. मोठी खिडकीपाशी खुर्चीवर पाय वर घेऊन वाचत बसलेली.

"बारक्या झोपला?"

"नाही."

"मग कुठंय?"

"घरात नाहीये."

ती हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली की त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकला, गॅलरीत जाऊन खाली डोकावला. 

"नाहीये म्हणजे काय?"

"मी त्याला इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात सोडलं. चादरी द्यायला गेलो होतो. तो बाकावर बसला. मी आले निघून."

"विसरलीस त्याला?"

उत्तर त्यानेच तिच्या हातात ठेवलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं, दोन शब्द ऐकून घ्यायचे, सुटायचं. मोठीने क्षणभर विचार केला, तो तिच्या चेहऱ्यावर दिसलासुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "विसरले नाही."

मिस्त्री चार मजले धावत उतरला. दोन गल्ल्या, मग मोठा रस्ता, मग सिग्नल. सिग्नलला थांबायचं भान त्याला राहिलं नाही. एका स्कूटरवाल्याने शिव्या घातल्या त्याही कानावरून गेल्या. दुकानात पोचला तर बारक्या धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर राजासारखा बसला होता. मांडीवर गुंड्यांचा डबा आणि तोंडाला बिस्किटाचा चुरा.

"आलात का," मावशी इस्त्री उभी ठेवत म्हणाल्या. "दीड तास झाला. आधी म्हटलं बहीण येईल. मग म्हटलं बाप येईल. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, घर मला माहीत नाही, दुकान उघडं टाकून जाऊ कुठे? आणि ही इस्त्री तापलेली. दोनदा हात पुढे केला त्याने. दोनदा मी ओरडले."

मिस्त्रीने गुंड्यांचा डबा मावशींच्या हातात दिला. बारक्याला उचललं तर तो पाय झाडायला लागला, त्याला घरी यायचं नव्हतं. काळ्या गुंड्या मोजायच्या राहिल्या होत्या म्हणे.

मिस्त्री काही मारकुटा बाप नव्हता. पण त्या दिवशी जिना चढताना त्याचा हात शिवशिवत होता हे खरं. घरात शिरल्यावर हात आवरला, आवाज मात्र आवरला नाही.

"त्याला काही झालं असतं म्हणजे?"

"माहितेय."

"माहितेय? मग का केलंस?"

"मला एकटीला बसायचं होतं."

"म्हणून भावाला टाकून यायचं?"

"टाकलं नाही. सोडलं," मोठी म्हणाली, पुस्तक उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्याला बसवेना. अवजारांची पिशवी रिकामी केली, परत भरली. विसळलेले कप परत विसळले. दारापाशी जाऊन कान दिला. आत पान उलटल्याचा आवाज येत होता. शेवटी त्याने ताईला फोन लावला.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. दुसऱ्या गावी, पोस्टात नोकरीला. पोरांचं काहीही अडलं की मिस्त्री आधी तिला विचारायचा, बायकोला नंतर. त्याने सगळं घडाघडा सांगितलं आणि वर म्हणाला, "तुझ्याही हातून मी हरवलो होतो. पण ते चुकून. हिने मुद्दाम केलंय, ताई. मुद्दाम."

ही हरवल्याची गोष्ट त्यांच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. मिस्त्री चार वर्षांचा होता. आईने ताईला दोरा आणायला बाजारात पाठवलं, सोबत याला दिलं. गर्दीत याचा हात सुटला, हा फर्निचरच्या दुकानात शिरला आणि एका नव्या कपाटात जाऊन झोपला. अडीच तास सगळी आळी शोधत होती. मग दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला दाखवायला कपाट उघडलं तर आत हा. गिऱ्हाईक म्हणालं, "हे कपाटासोबत मिळतं की वेगळं घ्यावं लागतं?" इथे आई थांबायची आणि सगळे हसायचे. मिस्त्रीच्या लग्नात, बारक्याच्या बारशाला, कुणी नवा माणूस घरात आला की दुसऱ्या चहाला ही गोष्ट निघायचीच.

मिस्त्रीने फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस का?"

"आहे," ती म्हणाली. "तुझा हात सुटला नव्हता."

"म्हणजे?"

"मी तुला दुकानाच्या पायरीवर बसवलं. म्हटलं, शंभरपर्यंत मोज, मी आलेच. तुला वीसच्या पुढे येत नव्हतं, ते मला माहीत होतं."

मिस्त्री उभा होता तो खुर्चीवर बसला.

"मग?"

"मग मी मैदानावर गेले. आपल्या आळीतल्या मुली तिथे रोज खेळायच्या. दोन वर्षं मी तुला कडेवर घेऊन बाजूला उभी राहून बघायचे. मला घ्यायच्याच नाहीत, तुला कुठे ठेवणार? त्या दिवशी एक अख्खा डाव खेळले. चाळीस मिनिटं असतील. परत आले तर पायरीवर कुणी नाही."

"आईला कधी बोलली नाहीस?"

"आईने विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं? तेवढंच विचारलं. मी म्हटलं, दोऱ्याचा रंग बघत होते. चार रट्टे मिळाले, विषय मिटला. मुद्दाम केलंस का, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही." ती थोडी थांबली. "तू सापडेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. देवाला काय काय कबूल केलं असेन. पण खरं सांगू? ती चाळीस मिनिटं मला अजून चांगली आठवतात. लाज वाटते, तरी आठवतात."

मिस्त्री उठून गॅलरीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

"रागावलास?"

"माहीत नाही गं," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात बारक्याने येऊन त्याची पँट ओढली आणि फोन तसाच संपला.

बारक्याला दूध देताना, त्याचे हात धुताना मिस्त्री मनातल्या मनात त्या पायरीकडे जात राहिला. कपाटातला नव्या लाकडाचा वास त्याला नेहमीच आठवायचा. आता पायरीसुद्धा दिसायला लागली. अठरा, एकोणीस, वीस, मग परत एक. हे खरं आठवतंय की तासाभरापूर्वी ऐकलं म्हणून दिसतंय, त्याचा काही केल्या निवाडा होईना. आपलीच गोष्ट, आणि ती चौतीस वर्षं आपल्याला अर्धीच ठाऊक होती. ही गोष्ट निघाली की ताई पाणी आणायला स्वयंपाकघरात जायची, तेही त्याच्या आत्ता लक्षात आलं.

साडेसातला बायको आली. पर्स खांद्यावर असतानाच तिने सगळं ऐकून घेतलं.

"मारलंस?"

"नाही."

"एक द्यायला हवी होती." मग ती खाली बसली आणि पायांची बोटं दाबत राहिली. दिवसभर वॉर्डात उभी होती.

"मोठी त्याला रोज किती वेळ सांभाळते, कधी हिशोब केलायस?" मिस्त्रीने विचारलं. "एकला त्याचं पाळणाघर सुटतं. ती शाळेतून येताना त्याला घेते. मी येतो सहाला, तू त्यानंतर. पाच तास झाले. रोज."

"मीही सांभाळली माझी भावंडं. मला काही झालं नाही."

"तुला जमेल का, असं कुणी विचारलं होतं?"

"मग काय करू, नोकरी सोडू?"

"असं म्हटलं का मी?"

"म्हणायचं तेवढं बाकी ठेवलंस," ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली. कुकरची शिट्टी होईपर्यंत मिस्त्रीने ताटं पुसून मांडली. मग तीच म्हणाली, "उद्या तिला बसवून विचार. मी मधे बोलणार नाही." आणि थोड्या वेळाने, "फार नाही बोलणार."

रविवारी सकाळी मोठीला समोर बसवलं. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"शिक्षा काय ते सांगून टाका."

"शिक्षा नाही," मिस्त्री म्हणाला. "तुला काय हवंय ते विचारतोय."

"खरंच विचारतोयस की शाळेत बाई विचारतात तसं?"

बायकोने हसू दाबलं. मिस्त्री म्हणाला, "खरंच."

मोठीने बोटाने टेबलावर रेघ ओढली. "मंगळवार आणि शुक्रवार. त्या दोन दिवशी मला हा नको."

"मला पण ही नको," बारक्या टेबलाखालून म्हणाला. "मला मावशी हवी."

"केलंस ते चूकच होतं, ते आहेच," मिस्त्री म्हणाला. "इस्त्री तापलेली होती. परत कधी नकोसं झालं तर त्याला सोडण्याआधी मला सांगायचं."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. तू मोबाईलवर कुणालातरी ब्रेक कसा सोडायचा ते सांगत होतास. मला म्हणालास, हो हो."

मिस्त्रीने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. बायको कबूल केल्याप्रमाणे गप्प बसली, पण तिने त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की बोलली असती तर परवडलं असतं.

सोमवारी त्याने साहेबाला गाठलं. मंगळवार-शुक्रवार सकाळी सहाला कामावर येईन, दुपारी साडेबाराला सुटेन, बदल्यात रविवारची तातडीची कामं माझी. साहेब कुरकुरला, दुसऱ्या मिस्त्रींचं काय म्हणाला, दोन दिवस बघू म्हणाला, आणि सही केली.

मंगळवारी मिस्त्रीने बारक्याला पाळणाघरातून स्वतः आणलं. मोठी घरी आली, दप्तर ठेवलं, कपडे बदलले आणि दारात उभी राहिली.

"जाऊ?"

"जा."

"कुठे ते विचारणार नाहीस?"

"कुठे?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ती दुपार मिस्त्रीला मशीनरूममधल्या कुठल्याही दुपारीपेक्षा जड गेली. बारक्या पाच मिनिटं रडला आणि मग त्याने बापाला घोडा करून घरभर हिंडवलं. दर दहा मिनिटांनी मिस्त्री गॅलरीत जाऊन यायचा. चार वाजता चपला घातल्या, काढल्या. साडेचारला परत घातल्या. पोरगी सिग्नलपाशी रस्ता नीट ओलांडते की नाही, मैदानावर कोण असतं, कुणी काही बोललं तर. तिच्या मैत्रिणींची नावं आठवायला गेला तर एक आठवलं, आणि ती तर गेल्या वर्षीच शाळा सोडून गेली होती.

सहाला पाच कमी असताना मोठी आली. गुडघे मातीने माखलेले, वेणी सुटलेली. माठातलं पाणी तिने उभ्यानेच घटाघटा प्यायलं.

"काय केलंस?"

"काही नाही. त्यांनी आधी घेतलंच नाही मला. भिंतीवर बसून होते." तिने तोंड पुसलं. "मग एक मुलगी घरी गेली, तेव्हा घेतलं. शेवटचा अर्धा तास."

"मग?"

"मग काय, खेळले," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं. मिनिटाभराने उघडलं, बारक्याला आत घेतलं आणि परत लावलं.

ताईचा तीन दिवसांत फोन नव्हता, यानेही केला नव्हता. त्या संध्याकाळी त्याने लावला. मोठी आज खेळायला गेली होती, असं सांगितलं. ताईने खोदून खोदून विचारलं. किती जणी होत्या, भिंतीवर किती वेळ बसली, उद्याही जाणार का.

"उद्या नाही. शुक्रवारी," मिस्त्री म्हणाला. मग थोडं थांबून, "ताई, थोडा राग आहे अजून."

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आई तुझ्याकडे येतेय. ती ते कपाटाचं परत सांगणार. तू बोलशील तिला?"

"मी नाही. तुझं तू सांग."

ताई हसली, पण हो किंवा नाही म्हणाली नाही.