पानाच्या मागे लिहिलेलं

रविवारच्या फेरफटक्याला बाबा येणार हे आधी कळलं असतं, तर मी घरीच बसले असते. या ऐतिहासिक बागेतल्या चिंचांची त्यांनी एकतीस वर्षं राखण केली, माळी म्हणून. निवृत्त झाल्यावर इकडे फिरकले नव्हते. आज मात्र अधीक्षकांमागे जमलेल्या वीस-बावीस लोकांत सगळ्यांत पुढे होते आणि माझ्याशी अवाक्षर बोलत नव्हते.

चौदा चिंचांच्या बुंध्यांवर तांबड्या फुल्या होत्या. उद्या सकाळी सातला करवती येणार होत्या, आणि त्या झाडांच्या यादीखाली सही माझी होती.

अधीक्षक रमतगमत चालले होते. तळं दाखवलं, दगडी कमान दाखवली, कमान बांधणाऱ्या सरदाराच्या खोकल्याची गोष्टही सांगितली. मग चिंचांच्या रस्त्यावर वळले आणि म्हणाले, ही झाडं आता आमच्यासारखी झालीत, वरून बरी, आतून पोकळ. लोक हसले. आमच्या शास्त्रज्ञ बाईंनीच तपासलीत, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझे कान तापले.

पोकळ मीच लिहिलं होतं. पण पोकळ म्हणजे कमकुवत नव्हे. बुंध्याच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून जाड लाकूड शाबूत असेल, तर झाड उभं राहू शकतं, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. त्या जाडीचे आकडे मी यादीच्या पानाच्या मागच्या बाजूला लिहिले होते. प्रयोगशाळेत सगळे पान उलटतात. कार्यालयात फक्त पुढच्या बाजूची झेरॉक्स निघाली. मी दोनदा सांगायला गेले, दोन्ही वेळा अधीक्षक साहेबांनी "बघू" म्हणून वाटेला लावलं.

बाबा तिसऱ्या चिंचेपाशी थांबले.

"तू लिहिलंस?"

"अर्धं त्यांनी वाचलं नाही, बाबा."

"अर्धं वाचता येईल असं लिहिलंस कशाला?"

मला साहेबांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी पिशवीतून तार काढली. तिच्या टोकाला वाकवून हूक केलेला आहे. तपासणीच्या वेळी पाडलेल्या भोकातली मेणाची गोळी काढली, तार आत सारली, हूक आतल्या पोकळीच्या कडेला अडकेपर्यंत मागे ओढली, सालीपाशी बोटाने धरली आणि हूक सोडवून तशीच बाहेर काढली. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एका काकूंना टेप दिली. त्यांनी तार टेपेवर ठेवून वाचलं, चोवीस सेंटिमीटर.

बुंध्याचा घेर तीन मीटर नव्वद, म्हणजे त्रिज्या बासष्ट. एकवीस पुरे होते. मी खडूने फुलीशेजारी चोवीस लिहिलं.

साहेब म्हणाले, फिरायला आलेल्या लोकांना कशाला त्रास, उद्या दहाला कार्यालयात अर्ज द्या.

"करवती सातला येणार आहेत, साहेब," मी म्हणाले. "तेरा झाडं धडधाकट आहेत. एकच खरंच गेलंय. तुम्ही एकाच बाजूची झेरॉक्स काढलीत."

"मग करवतीसुद्धा दहालाच येऊ देत," काकू म्हणाल्या. "नाहीतर सातला मी या झाडाखाली बसते. एकदा बसले की उठायला मला अर्धा तास लागतो."

कुणी हसलं नाही. सगळे साहेबांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी फोन काढला, पाठ फिरवली आणि ठेकेदाराला सांगितलं की पूर्ण कागद पाहिल्याशिवाय कुणी पाठवू नका. फोन ठेवल्यावर ते एकटेच कमानीकडे चालू लागले.

मला वाटलं, बाबा आता तरी बरं बोलतील.

"गेलेलं ते नववं ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही. तूही नाही."

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. त्यांच्या कपाळावर रागाने फुगलेली शीर अजून उतरली नव्हती.

"बाकीच्यांवर आकडे टाकायचेत. समोरच्या बाजूला. चल."