‘जैसे थे’चा घोळ

जुन्या महामार्गावर आता कोणाला घाई नसते, कारण ज्यांना घाई असते ते नव्या रस्त्याने जातात. नवा रस्ता झाला आणि जुन्याला ‘वारसा महामार्ग’ असं भारदस्त नाव मिळालं. नोकरी सुटलेल्या माणसाला लोक सल्लागार म्हणायला लागतात, त्यातलाच हा प्रकार. नावाबरोबर एक योजनाही आली. या रस्त्याकडेच्या जुन्या इमारतींत जे लहानसहान धंदे करतात, त्यांना इमारत जपण्यासाठी सरकार अनुदान देणार होतं. बेकरीवाला, गॅरेजवाला, चपलांच्या दुकानवाला, सगळ्यांनी अर्ज केले. फोटोवाल्यांनीही केला, म्हणजे त्यांच्या बायकोने त्यांना करायला लावला.

फोटोवाल्यांचा स्टुडिओ त्यांच्या आजोबांनी बांधलेला. तेव्हा दिवे नव्हते, म्हणून आजोबांनी छपराची एक अख्खी बाजू काचेची केली होती आणि उन्हात बसवून लोकांचे फोटो काढले होते. आता त्यातली एक काच फुटली होती, बाकीच्या वाऱ्याने खडखडत होत्या आणि खाली प्लायवूडचं छत ठोकून सगळा प्रश्न झाकून टाकलेला होता. पाऊस आला की प्लायवूड फुगायचं. पुढच्या कोपऱ्यात बायकोचं झेरॉक्स मशीन होतं. गावात तिला सगळे झेरॉक्सबाईच म्हणत. स्टुडिओ चालायचा आशेवर आणि घर चालायचं झेरॉक्सवर, हे नवऱ्यालाही ठाऊक होतं, फक्त तो तसं बोलून दाखवत नसे.

पेट्रोलपंपवाल्याचा त्या जागेवर केव्हापासून डोळा होता. त्याला तिथे गाड्या धुवायचं सेंटर काढायचं होतं. अनुदान मिळालं तर छप्पर होणार आणि स्टुडिओ राहणार. नाही मिळालं तर जागा पंपवाल्याला, आणि झेरॉक्सबाईचं मशीन दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. एका कागदाच्या झेरॉक्ससाठी दोन जिने कोण चढतो? तो कोपरा तिचा होता. त्या कोपऱ्यात बसून तिने रस्ता पाहिला होता, मुलीचं लग्न जमवलं होतं, गावातल्या निम्म्या लोकांच्या भानगडी त्यांच्याच कागदांवरून वाचल्या होत्या.

वारसा कार्यालयातून एक मॅडम येऊन गेल्या. बुटक्या, काटक, हातात मोठी बॅग. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि निघताना सांगितलं, “मी पुन्हा पाहणीला येईपर्यंत सगळं जैसे थे ठेवा.”

त्या गेल्या आणि फोटोवाले कंबर कसून उभे राहिले.

“चला, छत काढू या,” ते म्हणाले.

“अहो, जैसे थे म्हणजे आहे तसं ठेवायचं ना?”

“आहे तसं असतं तर ‘जैसे है’ म्हणाल्या असत्या. ‘थे’ म्हणाल्या. थे म्हणजे होते. पूर्वी जसं होतं तसं. सरकारी माणूस शब्द तोलूनमापून वापरतो.”

हे ऐकायला इतकं बरोबर वाटत होतं की झेरॉक्सबाईला पटलं. व्याकरणात नवरा हुशार होता. व्यवहारात त्याने आजवर जी काही अक्कल पाजळली होती ती आठवून तिला तेव्हाच त्याचा हात धरायला हवा होता, पण नाही सुचलं.

आठवडाभरात प्लायवूडचं छत उतरलं. ट्यूबलाइट गेली. दारावरचा प्लास्टिकचा फलक गेला, त्यामुळे दुकान बंद पडलं अशी बोलवा झाली आणि पंपवाला खुशीत दोनदा समोरून फिरून गेला. शेवटी नवऱ्याची नजर कोपऱ्यात गेली.

“आजोबांच्या काळात झेरॉक्स नव्हतं,” तो म्हणाला.

“आजोबांच्या काळात मीही नव्हते. मला कुठे ठेवताय?”

मशीन स्टुडिओमागच्या घरात, स्वयंपाकघरात गेलं आणि गिऱ्हाइकंही मागोमाग तिथेच गेली. लोक ओट्याशी उभे राहून दाखल्यांच्या प्रती घ्यायला लागले. गॅरेजवाल्याच्या कागदावर दूध उतू गेलं. एका आजोबांनी त्यांची पेन्शनची प्रत निघेपर्यंत तिला कणीक कशी मळावी ते समजावून सांगितलं. झेरॉक्सबाईच्या नाकी नऊ आले. पण अनुदानासाठी सोसायचं म्हणून तिने सोसलं.

मग नवऱ्याने फुटकी काच हाती घेतली. आजोबांच्या काळात ती फुटलेली नव्हती, हे उघडच होतं. ज्या माणसाने घरात कधी एक खिळा धड ठोकला नव्हता, तो शिडी लावून छपरावर चढला. पहिली काच कापताना तुटली, दुसरी तिरकी गेली, तिसरी बसली. कडेने पुट्टी भरली. एका दुपारी त्याने वरून बादलीभर पाणी ओतलं आणि हाका मारायला लागला, “अगं, बाहेर ये, बघ तरी. एक थेंब खाली आला नाही.”

स्वयंपाकघरात चार गिऱ्हाइकं होती आणि मशीनमध्ये कागद अडकला होता. “बरं झालं,” ती आतूनच ओरडली, “आता पडायच्या आत उतरा.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी बेकरीवाला पडलेल्या चेहऱ्याने आला. त्याचं अनुदान गेलं होतं. मॅडम येणार म्हणून त्याने भिंतीच्या भेगा बुजवून रंग मारून घेतला होता.

“मंजुरीच्या आधी दुरुस्ती केली की अर्ज बाद,” तो म्हणाला. “म्हणूनच जैसे थे ठेवायला सांगतात. म्हणजे आहे तसं.”

झेरॉक्सबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं, पण छत नव्हतं.

“तुमच्याकडे येताहेत,” बेकरीवाला म्हणाला. “आता पोचतीलच.”

मॅडम आल्या आणि दारातच थांबल्या.

“छत कुठे गेलं?”

“काढलं,” फोटोवाले म्हणाले.

“फलक?”

“तोही काढला.”

“मी जैसे थे म्हणाले होते.”

“हो, म्हणूनच,” असं म्हणून त्यांनी ‘थे’ आणि ‘है’चं सगळं व्याकरण मॅडमना समजावून सांगितलं. मॅडमनी ते मन लावून ऐकलं.

“काढलं त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “प्लायवूड मूळचं नव्हतंच. पण दुरुस्ती काही केलीत का? केली असेल तर माझे हात बांधलेले आहेत.”

नवऱ्याने तोंड उघडलं. तो काही बोलायच्या आत झेरॉक्सबाई मध्ये पडली.

“दुरुस्ती आणि हे? मॅडम, यांना बल्ब बदलता येत नाही. लग्नात दिलेला पलंग जोडायला घेतला तो अजून डुगडुगतोय. नळ दुरुस्त केला तेव्हा शेजारच्यांचं पाणी बंद झालं. मोडतोड म्हणाल तर हवी तेवढी केली आहे. दुरुस्ती यांच्या हातून होणं शक्य नाही.”

शेवटचं वाक्य सोडलं तर यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून ती सुसाट सुटली. नवऱ्याचे कान लाल झाले. बेकरीवाला अजून तिथेच होता, तो तोंड फिरवून हसत होता.

मॅडमनी मान वर केली. “ती काच नवी दिसतेय.”

“मी बसवली,” नवरा म्हणाला. त्याच्याने खोटं बोलवेना, आणि त्या काचेबद्दल तर नाहीच.

झेरॉक्सबाईच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या मजल्यावरचे दोन जिने उभे राहिले. “यांनी बसवली म्हणजे ती बसली असं होत नाही, मॅडम,” ती घाईने म्हणाली. “विचारा कोणालाही.”

मॅडमनी क्षणभर विचार केला. “पाणी ओतून बघू. गळलं नाही तर ती दुरुस्ती. गळलं तर नुसती ठेवलेली काच, असं लिहीन.”

झालं. आपल्याच जिभेने आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला कळलं. नवऱ्याने थेंब आला नाही म्हणून सांगितलं होतं, आणि नवरा दुसरं काहीही करो, थापा मारत नसे.

“मी ओततो,” नवरा म्हणाला. बादली घेऊन तो वर गेला. वर त्याला बराच वेळ लागला; धुळकट काचांतून खालून नुसती सावली दिसत होती. मॅडमनी घड्याळ पाहिलं. बेकरीवाल्याने खालून हाक मारली, “बादली जड झाली का?” मग पाणी पडल्याचा आवाज आला आणि काचेच्या कडेने एक धार सरळ मॅडमच्या चष्म्यावर आली.

मॅडमनी चष्मा पुसला आणि लिहिलं. “शिफारस करते,” त्या म्हणाल्या. “अनुदान आलं की चांगला कारागीर लावा. यांना मात्र वर चढू देऊ नका.”

“नाही चढणार,” शिडीवरून उतरत नवरा म्हणाला.

त्या गेल्यावर झेरॉक्सबाईला काय करू आणि काय नको असं झालं. बेकरीवाल्याला हाताशी धरून तिने मशीन ओढत पुन्हा कोपऱ्यात आणलं. गॅरेजवाला आला, चपलांच्या दुकानवाला आला, आणि तिने प्रत्येकाला तीच गोष्ट नव्याने सांगितली. “नशीब आमचं, यांना काही जमत नाही म्हणून वाचलो.” सगळे खो खो हसले. नवराही हसला.

सगळे पांगल्यावर तिने त्याच्यासाठी चहा आणला. कप घ्यायला त्याने हात पुढे केला आणि तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. दहाही नखांत करडी पुट्टी गच्च भरली होती. एक नख मुळापर्यंत उलटलं होतं आणि त्यातून रक्त येत होतं. तिने कप खाली ठेवला. दिवसभर केलेली सगळी बडबड तिच्या अंगावर आली.

ती त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पदराच्या टोकाने रक्त पुसायला लागली.

“चांगली बसली होती गं,” तो म्हणाला. “खरंच थेंब आला नव्हता. तू पाहिलं होतंस ना?”

“पाहिलं होतं,” ती म्हणाली.