गाभोळीच्या माद्या

हेस्टर कीपिंगने सापळा होडीत ओढला आणि नाक मुरडलं. दोर बुळबुळीत, फळ्यांना काळा गाळ, आणि वास असा की सडक्या अंड्यांनीही लाजावं. समोर सॅमन मासे पाळणाऱ्या कंपनीची गोल जाळी तरंगत होती. गेल्या उन्हाळ्यात पाणी तापून त्यांतले मासे मेले होते, तेव्हा किनाऱ्याच्या खडकांवर चरबीची पांढरी साय धरली होती. आता नवे मासे आले होते, आणि त्यांची घाण, न खाल्लेलं खाद्य रोज तळाशी साचत होतं.

लॉबस्टरच्या त्या सापळ्यात एकच शेवंड होती. मादी. पोटाखाली अंड्यांची गाभोळी गच्च भरलेली, पण नांगी उचलायचंही त्राण नाही.

अशी मादी मिळाली की शेपटीला खाच पाडायची, म्हणजे पुढे कुणीही तिला धरत नाही, आणि जिथून काढली तिथेच लगेच सोडायची. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर हे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक. कायदाही तोच. होडीत ठेवली की परवाना गेला. आणि परवाना सोडला तर हेस्टरकडे होतं काय? बापाची होडी, दुखरे गुडघे आणि तिखट जीभ!

तिने खाच पाडली. मादी पाण्यावर धरली, खाली पाहिलं. मग तिला ओल्या शेवाळाच्या टबात ठेवून सरळ पुढचा सापळा ओढायला घेतला.

दुपारपर्यंत टबात माद्यांची दाटी झाली. लपवाछपवी नाही हं, टब होडीच्या मधोमध, उघडा.

कंपनीच्या बोटीतून तिचा धाकटा भाऊ अल्बन आला. जाळ्यांतले मेलेले मासे उपसायचं काम त्याचं. निम्मं गाव त्याच पगारावर जेवायचं, म्हणून हेस्टरने त्याला नोकरी सोड असं कधी म्हटलं नव्हतं. टोमणे मात्र पोटभर मारले होते.

"ताई, वेड लागलंय का तुला? आमच्या मुकादमाने टब पाहिला आणि मत्स्य खात्याला कळवलंय. ते यायच्या आत सोड त्यांना पाण्यात."

"कुठे सोडू? तूच जागा दाखव."

अल्बनने पाण्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या तळाशी काय साचलंय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मला विचारलं तर काय सांगू?"

"दिसलं ते सांग. आणि घरी जाऊन आधी आंघोळ कर, मढ्यासारखा वास मारतोयस."

त्याला हसू आवरेना. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकापाशी वारा उलटा आहे, जपून जा, एवढं बजावून त्याने बोट बाजूला घेतली.

टोकापलीकडे मोकळा समुद्र, दगडी तळ, स्वच्छ पाणी. हेस्टर एकेक मादी फेकत नव्हती, तर गाभोळीला धक्का लागू नये म्हणून दंडापर्यंत हात बुडवून अलगद सोडत होती. तेवढ्यात खात्याची बोट आली. तरुण अधिकारी अवघडून उभा राहिला.

"मावशी, कायदा माहीत आहे ना?"

"तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून. थांब जरा, दोघी राहिल्यात."

इंजिन बंद करून तो थांबला.

शेवटची मादी तिच्या तळहातावर क्षणभर निपचित पडून राहिली, मग एक फटकारा मारून खोल गेली. हेस्टर उठली. टोपीच्या आतून परवाना काढला, भिजला होता म्हणून बाहीला नीट पुसला, आणि त्याने मागायच्या आधीच पुढे केला.