कुणाच्या नावावर

ट्रक वजनकाट्यावर चढला, आकडे थरथरून थांबले आणि काटेकाका पावती फाडणार, तेवढ्यात समोर ठेवलेल्या मोबाइलच्या पडद्यावर एक ओळ उजळली.

'बाबा, गोळी घेतलीत का?'

'घेतली गं,' काकांनी एका बोटानं टाइप केलं आणि पाठवूनही दिलं. पावती फाडली, खिडकीतून ड्रायव्हरच्या हातात ठेवली. ट्रक खाली उतरला. काकांचा हात मात्र खिडकीबाहेर तसाच राहिला.

गोळी विचारणारी पोर जाऊन वर्ष झालं होतं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ओळ तीच होती, पण शेजारचा फोटो लेकीचा नव्हता. आखूड केसांची, गालात हसणारी दुसरीच मुलगी. तिला काका ओळखत होते. कारखान्यात सगळेच तिला ढगवाली म्हणत.

कागदाचा हा कारखाना मोठ्या कंपनीनं विकत घेतला होता. जुन्या कंपनीत लोकांनी एकमेकांना पाठवलेले सगळे निरोप आता नव्या कंपनीच्या क्लाउडमध्ये हलवायचे होते, आणि त्यासाठी ही मुलगी आली होती. ती फाटकातून आत शिरली की ड्रायव्हर लोक ओरडत, "काका, छत्री काढा! ढगवाली आली!" तीही हसून म्हणे, "आज नुसता गडगडाट आहे, भिऊ नका."

काका रद्दीच्या गाड्यांचं वजन करत. लेक वरच्या लॅबमध्ये त्याच रद्दीतला ओलावा तपासायची. बापाचं वजन आणि लेकीचा ओलावा जुळल्याशिवाय माल आत जात नसे, त्यामुळे दिवसभर दोघांचे निरोप चालत. त्यातच मध्ये मध्ये गोळीची चौकशी, भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार, असं घरही येऊन बसायचं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हापासून दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काका ते जुने निरोप वाचत. देव घेतो तेव्हा ओंजळीत काहीतरी ठेवूनही जातो, असं ते मानत. त्यांच्या ओंजळीत एवढंच होतं.

बदली माणूस काट्यावर बसवून ते जिना चढले. ढगवाली बैठकीच्या खोलीत दोन लॅपटॉप मांडून बसली होती. चहावर साय धरली होती.

"पोरी, माझ्या गोळ्यांची चौकशी तू कधीपासून करायला लागलीस?"

"मी?" ती हसली. "काका, तुम्ही गोळ्या घेता हेही मला आत्ता कळतंय."

काकांनी मोबाइल पुढे केला. तिनं वाचलं आणि तिचं हसू गेलं.

"मी उत्तरही देऊन बसलो," काका म्हणाले. "वेडाच आहे."

"या ताई कोण?"

"माझी लेक. त्या भिंतीपलीकडे बसायची."

तिनं लॅपटॉपवर नावांची यादी उघडून पाहिली. मग म्हणाली, "चूक माझी आहे, काका. हलवताना प्रत्येक जुन्या नावासमोर नवं नाव लिहावं लागतं. ज्यांचं नवं खातंच नाही, त्यांचे निरोप हलवणाऱ्याच्या नावावर पडतात, तेही आजच्या तारखेनं. आज चाचणीला तुमचाच विभाग घेतला होता. मी आधी बघायला हवं होतं."

"मग आता लिही की तिचं नाव."

तिनं त्यांच्या देखतच साहेबांना फोन लावला. एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं. "मला वाईट वाटतं गं," पलीकडून साहेबांचा आवाज आला, "पण जो माणूस हयात नाही त्याचं खातं उघडता येत नाही. वरूनच तसं आहे. आणि शुक्रवारी जुनं बंद म्हणजे बंद."

फोन ठेवून ती हळूच म्हणाली, "छापून देऊ? कंपनीचा मजकूर बाहेर न्यायला मनाई आहे, पण कुणाला कळणार नाही."

"नको. तिचं बोलणं चोरीचं नको."

"मग त्यांच्या नावाच्या जागी 'अनोळखी व्यक्ती' असं येऊ शकतं."

"अनोळखी?" काकांचा आवाज चढला. "तिची आई गेल्यावर जिची वेणी मी घातली, ती अनोळखी?"

ढगवालीनं मान खाली घातली. "मग माझंच नाव राहू दे का? मला काही वाटणार नाही, काका. खरंच. तारखा फक्त नीट करून देते."

काका तिच्याकडे बघत राहिले. सकाळी 'घेतली गं' लिहिताना जे एक क्षण वाटलं होतं, ते वर्षभरात वाटलं नव्हतं. हिचं नाव राहिलं तर त्या ओळींच्या शेजारी एक हसरा चेहरा राहील. एखाद्या दिवशी पुन्हा तसाच चकवा बसेल, पुन्हा एक क्षण मिळेल. 'राहू दे' अगदी जिभेवर आलं होतं.

"तुला आई आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की. दिवसातून दहादा फोन करते."

"मग नको. गेलेल्या पोरीचं बोलणं जित्या पोरीच्या नावावर ठेवू नये. तुझ्या आईला कळलं तर काळजाचं पाणी होईल तिच्या."

"मी असलं काही मानत नाही, काका."

"तू नको मानूस. मी मानतो ना." ते खुर्चीवर टेकले. "माझ्या नावावर टाक."

"अहो, पण मग तुम्हीच विचारणार आणि तुम्हीच उत्तर देणार! कोणतं कुणाचं ते..."

"बाप आहे मी. मला नाही कळणार?"

तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. आधी सकाळचं सगळं पुसलं. 'घेतली गं'पाशी थांबून तिनं वळून पाहिलं. "तेही काढ," काका म्हणाले. "तुझ्याकडे आलं होतं ते."

शुक्रवारी जुनं बंद झालं आणि ढगवाली सगळ्यांचा निरोप घेऊन दुसऱ्या कामावर गेली. काकांनी सोमवारी पहिल्या दोन गाड्या काढल्या, हात जोडले आणि नवं उघडलं.

सगळीकडे त्यांचंच नाव होतं, आणि ओळखपत्रावरचा त्यांचाच टकलाचा फोटो.

'गोळी घेतलीत का?'

'घेतली.'

'खोटं.'

'देवाशपथ.'

'देवाला मध्ये आणू नका, रिकामी पट्टी दाखवा.'

काका एकटेच हसले. नाव काहीही असो, आवाज तिचाच होता. 'हा माणूस रद्दी विकतोय की पाणी?' हीसुद्धा तीच. 'भात करपला, ओरडू नकोस.' हे आपण. एकेक ओळ ते बोटानं वाटून घेत गेले. एकही चुकली नाही.

मग शेवटचा दिवस आला.

'बाबा, घरी जाते. अंग कणकणतंय.'

'जा. सुटलो की येतोच.'

'सांभाळून.'

'हो.'

'बरं.'

'बरं.'

काकांचं बोट थांबलं. सांभाळून कोण म्हणालं? तापानं फणफणलेली पोरही म्हातारा बाप स्कूटर चालवतो म्हणून म्हणाली असेल. आपणही म्हणालो असू. मग पहिलं बरं कुणाचं? आणि शेवटचं? वर्षभर रोज वाचलं, पण नाव शेजारी होतं म्हणून कधी पाठ करावं लागलं नाही.

ट्रक काट्यावर उभा होता. "काका, डुलकी लागली काय?" ड्रायव्हर ओरडला.

"जरा थांब रे," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. ही तिची, ही माझी, ही तिची. त्या शेवटच्या चार शब्दांपाशी आले आणि पुन्हा अडले.