मागच्या मडगार्डाचा सूड

मित्रांनो, मॅलकी टियर्ननला मीच पाडले. भर सकाळी, सरळ रस्त्यावर, तोंडघशी, शेणात. किती शेण तोंडात गेले तेही मी पाहिले, आणि आठवले की अजून बरे वाटते.

आता हे सगळे विसरून जा. असे काही घडलेच नाही. मॅलकी आपला आपण पडला. मी तिथे नव्हतो, आणि असलोच तर झोपलो होतो.

मी एक जुना मडगार्ड आहे. सायकलीच्या मागच्या चाकाचा. काळा रंग, मधोमध सोनेरी रेघ, दोन्ही बाजूंना लोखंडी काड्या. पुढच्या चाकालाही एक मडगार्ड होता, पण त्याच्याबद्दल मला विचारू नका. हँडल वळेल तिकडे तो वळायचा. असल्यांशी मी बोलत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मोठ्या यंत्राने मला दाबून वाकवले तेव्हा दुखले, पण वाकल्याशिवाय आपला उपयोग नाही हे मला लगेच समजले. पुढे जहाजातून मी आयर्लंडला आलो आणि ड्रमनॉल गावच्या नोराबाईंच्या सायकलीवर बसलो. नोराबाई परिचारिका होत्या. कुणाच्या पायाला पट्टी बांध, कुणाला सुई टोच, अशा त्या घरोघर फिरायच्या. तिथला हिवाळा म्हणजे पाऊस, पावसात गारा, आणि गारा थांबल्या की रस्त्यावर न दिसणारा बर्फ. मीठ टाकणारी लॉरी फक्त मोठ्या रस्त्याने जायची. आमच्या गल्लीवजा रस्त्यांवर नोराबाई एक पाय जमिनीला लावत, बदकासारख्या सायकल हाकायच्या. पण त्यांच्या सायीच्या रंगाच्या कोटावर मागून एक ठिपका नसायचा. चर्चबाहेर बायका त्यांना पाठमोऱ्या वळवून बघायच्या आणि म्हणायच्या, "नोरा, तू उडत येतेस की काय गं?"

ती माझी स्तुती होती, मित्रांनो. माझे नाव कुणी घेतले नाही, पण ती माझीच होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा राग तिच्यावर उभा आहे. पुढचा मडगार्ड चालवणाऱ्याचे पाय कोरडे ठेवतो. मागचा मडगार्ड मुख्यतः मागून येणाऱ्याचे तोंड कोरडे ठेवतो. म्हणजे मी जन्मभर दुसऱ्यासाठी चिखल खातो.

नोराबाई वारल्या आणि सायकल त्यांच्या भाच्याकडे आली. तोच हा मॅलकी. टाइल्सच्या दुकानात काम करायचा, आणि आपण फार वेगवान आहोत असा त्याचा समज होता. एक दिवस त्याने मला हातात तोलले आणि म्हणाला, "यानेच मला हळू केलंय." माझे वजन एका पावाएवढे. तो पाव तो रोज सकाळी लोण्याबरोबर आख्खा खायचा, त्याचे काही नाही. त्याने पाना घेतला आणि मला सोडवून कोंबड्यांच्या खुराड्यामागे भिरकावले.

पुढचा मडगार्ड त्याने ठेवला. स्वतःचे पाय ना!

मी सूड घेण्याची प्रतिज्ञा केली. अशा वेळी लोक दातओठ खातात. मला दात नाहीत, ओठ नाहीत. म्हणून मी नुसताच गंजलो, पण मनापासून गंजलो.

आता गावातल्या सायकल मंडळाबद्दल सांगतो. दर रविवारी मंडळ ड्रमनॉलहून निघे आणि पलीकडच्या क्लूनशी गावाला चहाला जाई. गावाच्या पाटीला जो सगळ्यांत आधी पोचेल त्याला हॉटेलात शेगडीजवळची खुर्ची. ओल्या मोज्यांवर पावाची प्लॅस्टिक पिशवी चढवून आलेल्या माणसाला ती खुर्ची म्हणजे खासदारकी. तीन हिवाळे त्या खुर्चीत अ‍ॅट्रॅक्टा गॉर्मलीबाई बसत होत्या. निवृत्त पोस्टवाल्या. साठी उलटलेली, पण पोटऱ्या अशा की सायकलच त्यांना घाबरायची. त्या मॅलकीच्या चाकामागे चिकटून यायच्या, समोरचा वारा त्याला खायला लावायच्या आणि पाटी दिसली की बाजूने निघून जायच्या. मंडळाचा नियमही त्यांचाच होता: नोव्हेंबर ते मार्च, मागचा मडगार्ड नाही तर मंडळात नाही. या जगात माझी बाजू घेणारी ती एकच बाई.

एका शनिवारी मॅलकीची आई, फिलोमेनाबाई, खुराड्यापाशी आल्या.

"मॅलकी, खुराड्याला पन्हळ हवी रे. सगळं पाणी दारात पडतंय. बर्नडेट सर्दीने फुरफुरतेय."

बर्नडेट ही कोंबडी.

"हा घे की, मॅमी," मॅलकीने मला पायाने दाखवले. हाताने नव्हे, पायाने.

"नोराचा मडगार्ड? कोंबड्यांना?"

"उद्या मला तपासणीपुरता तो लागेल. पण क्लूनशीच्या पाटीला पहिला पोचलो ना, मग तो तुझाच. दोन्ही टोकांना भोकं पाड आणि ठोक. नाही पोचलो तर परत चाकावर बसवीन, आणि वेगाबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तोंड उघडणार नाहीस?" फिलोमेनाबाई म्हणाल्या. "मग हरच रे बाबा."

मित्रांनो, माझे आयुष्य त्या पाटीवर टांगले गेले. मॅलकी हरला तर मी चाकावर. जिंकला तर मरेपर्यंत बर्नडेटच्या दारात.

रविवारी त्याने मला गवताचे भारे बांधायच्या निळ्या सुतळीने चाकावर बांधले. चर्चसमोर अ‍ॅट्रॅक्टाबाई प्रत्येकाचा मडगार्ड हलवून बघत होत्या.

"हे काय, सुतळी?"

"स्क्रू गंजलेत. तात्पुरतं आहे."

"तुझं सगळंच तात्पुरतं असतं. गेल्या वर्षीचा साखरपुडासुद्धा."

मंडळाचे कप्तान जार्लथ मोरन शेजारी उभे होते. ते अंत्यविधीचा व्यवसाय करत, त्यामुळे त्यांना कशाचीच घाई नसे. त्यांच्या हेल्मेटवरून पाण्याची धार लागली होती. आकाशाकडे बघून ते म्हणाले, "मऊ आहे हवा आज," आणि आम्ही निघालो. तिथे पावसाला मऊ हवा म्हणतात.

पहिल्याच वळणावर मॅलकी ओरडला, "चेन उतरली! व्हा तुम्ही पुढे!" सगळे दिसेनासे झाल्यावर त्याने सुतळी कापली आणि मला जाकिटात, पाठीवर खुपसले. चहाच्या आधी परत बांधायचा बेत होता. गार लोखंड उघड्या पाठीला लागले तेव्हा त्याने येशू, मेरी आणि जोसेफ यांची नावे एका दमात घेतली. धार्मिक म्हणून तो प्रसिद्ध नव्हता.

मग त्याने जोर लावून सगळ्यांना गाठले आणि मागे टाकले. समोरून गाड्या येत होत्या, चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करत होते, आणि मॅलकी जगज्जेत्यासारखा मान हलवत होता. अ‍ॅट्रॅक्टाबाई नेहमीसारख्या येऊन त्याच्या चाकामागे चिकटल्या.

"मॅलकी! मडगार्ड कुठाय?"

"पडला वाटतं!"

"मग थांब आणि शोध!"

"येताना शोधू!"

मी त्याच्या पाठीवर होतो. ओरडलोही असतो, पण लोखंडाचे ओरडणे खडखडीसारखे ऐकू येते, आणि त्याला वाटले त्याचीच हाडे वाजताहेत.

आता शेणाकडे येऊ. तिथल्या गाई हिवाळाभर गोठ्यात असतात आणि त्यांचे शेण-मूत गोठ्याखालच्या टाकीत साठत जाते. ते शेतात फवारायला सरकार थेट जानेवारीच्या मध्यावर परवानगी देते. तोवर टाक्या काठोकाठ. परवानगीचा दिवस उजाडला की गावातला एकही ट्रॅक्टर घरी राहत नाही. तो दिवस आदल्याच दिवशी, शनिवारी, उजाडला होता. ट्रॅक्टरांच्या चाकांनी निम्मे शेण रस्त्यावर आणले, रात्री ते गोठले, आणि सकाळच्या मऊ हवेने ते छान सैल झाले होते.

मॅलकीच्या मागच्या चाकाने ते उचलले आणि सरळ अ‍ॅट्रॅक्टाबाईंच्या तोंडावर धार धरली.

इथे माझा सगळा हिशेब उलटला. मी नसल्यावर मॅलकीचे वाटोळे होईल अशी माझी कल्पना होती. पण मी नसल्याचे भोग मागच्याला! बाईंचा चष्मा गेला, मग कपाळ गेले. त्या थुंकल्या आणि ओरडल्या, "हे हेनेगनच्या गोठ्यातलं आहे! त्याच्याच गाई असलं खातात!" पण थुंकता थुंकता त्या हातभर मागे पडल्या. मग दोन हात. पुढे क्लूनशीची पाटी दिसू लागली होती. मॅलकी हसला. ते हसू मला पाठीच्या बाजूनेही कळले.

तो पेडलवर उभा राहिला. जाकीट वर सरकले.

मित्रांनो, मी काही केले नाही. मी फक्त घसरलो. ओली पाठ, गुळगुळीत रंग, उतार, कुणीही घसरेल. घसरून मी चाकावर टेकलो. तेही साहजिक आहे, माझी जागाच ती. मग माझी एक काडी चाकाच्या आऱ्यांत गेली. ती कशी गेली हे मला सांगता येणार नाही. बरीच ताकद लावावी लागली.

चाक जागच्या जागी थांबले. मॅलकी थांबला नाही.

अ‍ॅट्रॅक्टाबाई शेजारी येऊन थांबल्या आणि बोटाने चष्मा पुसला. मॅलकी रस्त्याच्या कडेला, सगळ्यांत दाट ठिकाणी, पालथा होता.

"जिवंत आहेस?"

"हो."

"काही मोडलं?"

"नाही."

"मग पड जरा," बाई म्हणाल्या. सायकल हाताने ढकलत पाटीपर्यंत गेल्या, पाटीला थाप मारली आणि सावकाश परत आल्या.

तेवढ्यात जार्लथ पोचले. आडवा माणूस बघून त्यांनी सवयीने हेल्मेट काढून छातीशी धरले.

"मडगार्डाने पाडलं मला!" मॅलकी तोंड पुसत म्हणाला.

"कुठल्या मडगार्डाने?" अ‍ॅट्रॅक्टाबाई म्हणाल्या. "तो तर मघाशीच वाटेत पडला ना?"

मी मॅलकीच्या चाकात पिळवटून अडकलो होतो, सोनेरी रेघेसकट. जार्लथनी माझ्याकडे पाहिले, मग मॅलकीकडे, आणि जाहीर केले, "मयत स्वतःच सांगतोय की मडगार्ड इथे नव्हता. विषय संपला."

अशा रीतीने मी तिथे नव्हतो असे मंडळाने ठरवले. म्हणजे सुरुवातीला मी तुम्हाला खोटे बोललो नाही.

हॉटेलात अ‍ॅट्रॅक्टाबाई शेगडीजवळ बसल्या. मॅलकीला दाराबाहेर, वर्तमानपत्र अंथरून चहा दिला. फिलोमेनाबाई त्याला न्यायला गाडी घेऊन आल्या. आधी त्यांनी मुलाकडे पाहिले आणि गाडीच्या सीटवर पोते टाकले. मग मला उचलले. माझी दोन्ही टोके दोन दिशांना गेली होती.

"याच्यातनं पाणी वरच चढायचं," त्या म्हणाल्या. "खुराड्याला नाही चालणार."

मी आनंदाने खडखडलो. पण अ‍ॅट्रॅक्टाबाईंनी मला घेऊन चाकाशी धरून पाहिले, पालथा करून पाहिले, पुन्हा पाहिले. मी चाकालाही बसत नव्हतो. दिलेल्या शब्दाला जागायला मॅलकीने दुसऱ्याच दिवशी नवा मागचा मडगार्ड आणला. प्लॅस्टिकचा. लाल.

अ‍ॅट्रॅक्टाबाईंना मला टाकून देववेना, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून जार्लथनी मला क्लूनशीच्या पाटीच्या खांबाला ठोकले. खिळे त्यांच्या धंद्यातले, शवपेटीचे, त्यामुळे मी कधी निघणार नाही. "येणाऱ्या-जाणाऱ्याला लक्षात राहील," बाई म्हणाल्या. हा मोठा मान आहे. शेजारीच रस्त्यावर एक डबके आहे. दुधाची गाडी गेली की मला आंघोळ, शाळेची बस गेली की आंघोळ, ट्रॅक्टर गेला की जे काय असेल ते. जन्मभर मी दुसऱ्यांची तोंडे झाकली. माझे उघडेच.

दर रविवारी मॅलकी समोरून जातो. तिसरा किंवा चौथा. माझ्याकडे बघत नाही. मी बघतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या सायकलीचा मागचा मडगार्ड हलवून बघा. सैल असेल तर आवळा, गंजला असेल तर तेल द्या. तो तुमच्यासाठी नसतो, म्हणूनच त्याची काळजी तुम्हीच घ्यायला हवी. आणि काळजी घेणार नसाल तर निदान त्याला पाठीवर घेऊ नका. एवढे सांगून मी माझा अर्ज जोडतो.

प्रति,
मा. अभियंता, रस्ते विभाग, काउंटी कौन्सिल.

विषय: मडगार्डास मडगार्ड मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, अर्जदार हा क्लूनशी येथील पाटीच्या खांबावर कायमस्वरूपी ठोकलेला असून त्याच्यावर वाहनांचे पाणी, चिखल व हंगामानुसार शेण उडत असते. तरी अर्जदारास एक मडगार्ड मंजूर करण्यात यावा. प्लॅस्टिकचा असल्यास नको. मडगार्ड उपलब्ध नसल्यास श्री. मॅलकी टियर्नन, राहणार ड्रमनॉल, यांना दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च या कालावधीत, सुट्टीचे दिवस धरून, अर्जदार व रस्ता यांच्या मध्ये रस्त्याकडे तोंड करून ओणवे उभे करण्यात यावे, व तोंड उघडे ठेवण्याबाबत त्यांना आपल्या स्तरावरून लेखी सूचना देण्यात यावी, ही विनंती.