हात पोचेल तेवढ्या उंचीवर

तिसऱ्यांदा मोजले तरी झुबके एकतीसच भरले. आकडा जुळला की सोंगमितला एरवी बरं वाटायचं. आज उलट झालं.

लुंगदेम गावाच्या खालच्या अंगाला उतिसाच्या झाडांची राई आहे आणि तिच्या सावलीत मोठ्या वेलचीचा मळा. मळा सोंगमितच्या मावशीचा, निमकित आन्यूचा. फाल्गुन चालू होता आणि उतिसांच्या खोडांवर आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलली होती. पांढरीशुभ्र फुलं, गळ्यात पिवळ्या रेघा, खाली हिरव्या फुगीर कंदांची दाटी. ओळखण्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. घोळ होता तो जागेचा. ही आमरी वरच्या ओकांच्या रानातली. चार वर्षं सोंगमित या खोऱ्यात ऑर्किडांची मोजणी करत होती, आणि पंधराशे मीटरच्या खाली ती तिला एकदाही दिसली नव्हती. इथे उंची मोजायचं यंत्र साडेअकराशे दाखवत होतं. त्यात उतिसाची साल गुळगुळीत, शेवाळ विरळ. वाऱ्याबरोबर आलेल्या बियांतून एखाददुसरं रोप चुकूनमाकून रुजलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण एकतीस?

"दीदी, तू त्यांच्याकडे अशी बघतेयस की त्यांनीच काहीतरी चोरलंय," इंद्रकला म्हणाली. कालिम्पोंगची ही राई जमातीची मुलगी दोन वर्षांपासून तिच्याबरोबर याच कामावर होती. वाटेवरच्या विसाव्याच्या दगडांवर बसून ती मीठ-मिरची लावून उकडलेला बटाटा खात होती.

"उंची वाच बरं परत. जमिनीपासूनची."

इंद्रकलाने वही ओढली. "साडेचार फूट. पाच. पाच फूट दोन इंच. चार. सगळ्यात खालची साडेतीन, सगळ्यात वरची सहा फूट दोन इंच."

"त्याच्या वर एकही नाही. ही झाडं साठ-साठ फुटांची आहेत. उजेड वर, दव वर. मग ही सगळी खाली का?"

"वर थंडी वाजली असेल. उतरली असतील चालत."

सोंगमितला हसू आलं नाही. तिने वहीत कारणं लिहिली. धुक्याची पातळी? ओढ्याचा ओलावा? वरच्या फांद्यांची छाटणी? एकेका कारणापुढे प्रश्नचिन्ह काढत ती खाली आली आणि शेवटी पान भरलं ते प्रश्नचिन्हांनीच.

गोंधळ नुसता शास्त्राचा असता तर तिने तो आवडीने वर्षभर बाळगला असता. पण गावाला रस्ता येणार होता आणि त्याच्या दोन आखण्या होत्या. वरची सोपी, ती थेट या राईतून आणि मळ्यातून जाणार. खालची लांबची, दरड कोसळलेल्या उतारावरून, खर्चाची. राई ही या दुर्मीळ आमरीची नैसर्गिक जागा आहे असं मोजणीतून ठरलं तर रस्ता खालून जाणार होता. नाहीतर आन्यूचा मळा जाणार. मोजणीचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा होता आणि आज मंगळवार होता.

"कोणी लावली असतील का?" इंद्रकलाने विचारलं.

"आठ घरी विचारलंय. आन्यूला तर दोनदा. कोणी लावलेली नाहीत. आणि इथली माणसं खोटं बोलत नाहीत, निदान मला तोंडावर तरी नाही."

दोघी वाटेला लागल्या. पुढे सोंगमित, मागे इंद्रकला. वळणावर ओकाची एक बारकी फांदी पडली होती, कुणाच्या तरी मोळीतून निसटलेली. तिला आमरीचा मूठभर झुबका चिकटलेला होता. सोंगमित तेव्हा मनात उताराचा कोन आणि वाऱ्याची दिशा जुळवून बघत होती. ती वाकली, झुबका सोडवला, शेजारच्या उतिसाच्या बेचक्यात नीट दाबून बसवला, वेलचीच्या वाळक्या पानाची पट्टी फाडून त्याला दोन वेढे दिले आणि पुढे चालू लागली.

मागून पावलं ऐकू येईनात तेव्हा ती थांबली.

"दीदी," इंद्रकला जागेवर उभी होती, "आत्ता काय केलंस?"

"कुठे काय?"

"आत्ता. हातांनी."

सोंगमितने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत शेवाळ होतं. मग तिने त्या उतिसाकडे पाहिलं. झुबका तिच्या खांद्याच्या उंचीवर होता. तिने टेप काढला, माप घेतलं. पाच फूट. तिचे कान तापले.

"बत्तीस," इंद्रकला हळूच म्हणाली.

आन्यू चुलीपाशी खुरी, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, भाजत होती. सोंगमित दारातूनच म्हणाली, "आन्यू, मी तुला विचारलं होतं, राईतली आमरी कोणी लावली का. तू नाही म्हणालीस."

"नाहीच लावली."

"मग ती झाडावर गेली कशी?"

"पडलेली उचलून ठेवली. वरून लाकडं आणतो, त्यांच्याबरोबर येते ती. विसाव्याच्या दगडावर मोळी टेकवली की पहिलं तेच. जित्या वस्तूला काय चुलीत घालायचं?"

"म्हणजे लावलीच ना!"

आन्यूने उलथणं खाली ठेवलं. "हे बघ पोरी. लावायचं म्हणजे खड्डा खणायचा, शेण घालायचं, राखण करायची. वेलची मी लावली. तुझी छत्री वाटेत पडली आणि मी ती खुंटीला अडकवली, तर मी छत्रीची लागवड केली का? एवढं शिकलीस आणि विचारायचं कसं ते कळेना तुला."

इंद्रकलाने तोंडावर हात धरला.

"हसू नकोस गं," सोंगमित म्हणाली. "कधीपासून करता हे?"

"कधीपासून म्हणजे? तुझी आई करायची. तिची आई करायची. तू एवढीशी होतीस तेव्हा मी तुला उचलून धरायचे आणि तू बसवायचीस. आणि आता मलाच विचारतेस?"

सोंगमितला ते अजिबात आठवत नव्हतं. हातांना मात्र आठवत होतं, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात अवघड वाटली. चार वर्षांत या खोऱ्याच्या वाटावाटांवर आपण नकळत किती झुबके असे उचलून ठेवले असतील आणि नंतर तेच किती वेळा मोजले असतील, हे तिला आता सांगता येणार नव्हतं.

बुधवारी सकाळी तिने टेकाडावर जाऊन, जिथे फोन लागतो तिथून, गंगटोकला आपल्या वरिष्ठांना फोन केला. ते भले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "फॉर्मवर दोनच चौकटी आहेत. नैसर्गिक आणि लागवड. माणसाच्या हाताने ठेवलेलं ते लागवडीत जातं. तुमच्या मावशीच्या मळ्याचं वाईट वाटतं मला, पण दुसरं काही सांगता येणार नाही."

"पण सर, ती तिथे तीस-तीस वर्षं जगतायत. फुलतायत. कोणी पाणी घालत नाही, कोणी बघत नाही."

"बिया रुजतायत का? तसं असेल तर गोष्ट वेगळी."

ते खरं होतं आणि ते तिला स्वतःलाच सुचायला हवं होतं. आमरीचं बी धुळीसारखं असतं. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. बी रुजलं म्हणजे जागेने ते स्वीकारलं. दिवसभर ती उतिसांवर चढत राहिली. हाताच्या उंचीपर्यंत तिने शोधलंच नाही, तिथला भरवसा संपला होता. तीस फुटांवर एका शेवाळलेल्या दुबेळक्यात तिला पहिलं रोप दिसलं. वाटाण्याएवढा कंद, त्यावर नखाएवढी दोन पानं. मग शेजारच्या झाडावर आणखी. एकूण अकरा.

"सापडली!" ती वरून ओरडली. "इथे कुणाचा हात पोचलेला नाही!"

"कुठली आहेत पण?" खालून इंद्रकलाने विचारलं.

सोंगमितने भिंग डोळ्याला लावलं. एकेक पान उलटसुलट करून पाहिलं. साडेअकराशे मीटरवर वाढणारी आणखी एक आमरी आहे, हिची भाऊबंद, तपकिरी फुलांची, इथली अगदी नेहमीची. या वयात दोघींची पानं सारखीच दिसतात. फुलल्याशिवाय फरक कळत नाही आणि फुलायला चार-पाच वर्षं लागतात.

"दीदी? कुठली?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि खाली उतरली.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळेला आन्यू घरात नव्हती. तिचं पाठीवरचं टोपलंही जागेवर नव्हतं. सोंगमित राईकडे धावली. आन्यू तिसऱ्या उतिसापाशी उभी होती, कमरेचा बान, तिचा लांब सुरा, हातात होता आणि टोपल्यात दोन झुबके पडले होते.

"आन्यू! काय करतेस?"

"वर नेते. ओकात. माझ्यामुळे तुझ्या आकड्यांचा घोळ झाला ना? मग जिथली तिथे ठेवून येते. राई रिकामी झाली की तू काय ते सरळ लिही."

"रिकामी झाली तर मी लिहायचं काय? थांब ना!"

"दोन निघाली. ही काही सोडत नाही." आन्यूने पात्याचं टोक झुबक्याखाली घालून बघितलं. सालीचा कपटा सुटून आला, पण मुळं त्या सालीलाच चिकटून राहिली. पांढरी, चपटी, बोटभर लांब, खोडाभोवती निम्मी फिरलेली. बांधलेली पट्टी केव्हाच कुजून गेली होती. "तुझ्या आईने ठेवलेली ही. ज्या वर्षी पूल वाहून गेला ना, त्या वर्षी."

सोंगमितने तिच्या हातातून बान काढून घेतला. दोघी दगडावर बसल्या.

"खरं लिहिलं तर रस्ता मळ्यातून जाणार?" आन्यूने विचारलं.

"बहुतेक."

"आणि सगळी रानची आहेत असं लिहिलं तर?"

"तर खालून."

"मग तसं लिही की."

"तीस फुटांवर आहेत ती कदाचित रानचीच असतील. खालची नाहीत. नाहीत म्हणजे, होती वरच्या रानातली, आता इथली झालीत, पण ती आपण आणली... आन्यू, मलाच धड कळत नाहीये."

"मी खोटं बोलले नाही. तूही नाही बोललीस. मग मळा माझाच का जायचा?" आन्यूचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वीस वर्षं सांभाळलाय मी तो. रोग पडला तेव्हा सगळी झाडं उपटून परत लावली. तेव्हा कोणी आलं नाही मोजायला."

 सोंगमितने वही उघडली, एकतीस ओळींपुढे एक नवा रकाना आखला आणि म्हणाली, "चल. कुठली कोणी ठेवली ते सांग मला."

आन्यूने रागाने टोपलं बाजूला सारलं. मग उठली. "ही मी. ही तुझ्या आईने. ही ओंगमितने, ती लग्न होऊन मानगनला गेली बघ, ती. तिला उंच ठेवता यायची नाही कधी, म्हणून ही एवढी खाली. ही मी. ही..." ती खोडाला वळसा घालून आली, झुकून बघत राहिली. "ही नाही माहीत."

"आठव ना."

"आठवत नाही म्हणते ना. लिही, नाही माहीत."

सोंगमितने तसं लिहिलं. असे एकूण पाच निघाले. त्यांचं काय करायचं, हाही एक प्रश्नच होता.

शुक्रवारी जीप सुटायच्या आधी तिने फॉर्म भरला. दोन्ही चौकटी मोकळ्या सोडल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं: मूळचे एकतीस, पैकी सव्वीस गावातल्या बायकांनी उचलून ठेवलेले, नावं सोबत. पाच अनिश्चित. बत्तिसावा मोजणी करणाऱ्या व्यक्तीने, म्हणजे मी, मंगळवारी ठेवला. दोन झुबके गुरुवारी काढले गेले आणि त्याच झाडांवर परत बांधले. तीस फुटांवर अकरा रोपं उगवलेली आहेत, जात ठरत नाही, ती फुलेपर्यंत थांबावं अशी विनंती. मळा माझ्या मावशीचा आहे, म्हणून पुढची मोजणी दुसऱ्या कुणाकडून व्हावी. माझ्या आधीच्या चार वर्षांच्या नोंदीही वाटेलगतच्या झाडांपुरत्या पुन्हा तपासाव्यात.

इंद्रकलाने ते उभ्या उभ्या वाचलं. "शेवटचं वाक्य कशाला, दीदी? ते कोणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच लिहिलं."

"हा फॉर्म परत पाठवतील ते. चौकट भरा म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि आन्यू?"

आन्यू अंगणात वेलचीची वाळकी पानं झाडत होती. सकाळपासून ती सोंगमितशी बोलली नव्हती. तरी जीपमध्ये द्यायची खुरीची पुडी तिने इंद्रकलाच्या पिशवीत घातली होती, दोघींच्या मापाची.

"तू फॉर्म घेऊन जा पुढे," सोंगमित म्हणाली. "मी उद्या येईन. अकराव्या रोपाचं पान मोजायचं राहिलंय." आणि टेप खिशात घालून ती राईकडे निघाली.