माठाला घातलेली थाप

नखावरचा थेंब हिरवा नव्हता. हिरवा असायला हवा होता, राव्याच्या पंखासारखा, पिवळ्याकडे झुकलेला. आणि मग वारा लागताच कडेने निळा होत होत ती निळाई मध्यापर्यंत यायला हवी होती. ईरप्पाने अंगठा उजेडाकडे नेला, जवळ आणला, फुंकर घातली. थेंब होता तसाच राहिला… भांडी विसळल्यावर उरतं तसं करडं पाणी. त्याने तो जिभेवर घेतला. चुन्याचा चावा नाही, आंबूस झाक नाही. मेलेल्या पाण्याला चव नसते.

जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले तीन माठ. त्यांतले दोन केव्हाच राखेने बुजवलेले. उरलेला हा तिसरा, आणि साऱ्या गल्लीतला निळीचा शेवटचा. पौषातली थंडी त्याला बाधली होती. टाकळ्याचं बी शिजवून घातलं, गूळ घातला, भोवती गोवऱ्यांची धग ठेवली, रोज सकाळी काठाला कुंकू लावून ‘ऊठ बाबा’ म्हटलं… माठ मुका. कोपऱ्यात संक्रांतीच्या चंद्रकळांसाठी आलेलं सूत पांढरंफेक पडलं होतं, सावित्रम्माच्या मागावरचं. ती कोष्टीण काल दाराशी थांबली, आत डोकावली आणि काही न बोलता निघून गेली. तिने चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. हे सूत परत गेलं की जर्मन पुडीच्या तयार रंगात बुडणार, आणि पुडीत बुडालेलं सूत पुन्हा माठाकडे येत नाही. मग हाही माठ राखेने भरायचा. आणि मग मी… ते वाक्य त्याने पुढे नेलं नाही.

एक उपाय राहिला होता. आईचा.

आई, शिवबाई, माठ रुसला की डोक्यावरून पदर घेऊन मीठ आणायला म्हणून निघायची. मीठ घरात असायचंच. वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या ती एखादी थाप सोडून यायची. ती थाप फिरत फिरत दुसऱ्या कुणाच्या तोंडून आपल्या उंबऱ्याशी परत आली, की माठ जागा होतो. माठाला खोटंच लागतं. खऱ्यावर तो हलत नाही. एकदा ती सांगून आली की सिद्धेश्वराच्या तळ्यावर पाण्यावरून चालत गेलेली गाय दिसली, आणि त्या गाईच्या डाव्या कानाला भोक होतं. गाय कुणी मानली नसती, भोकामुळे मानली. संध्याकाळी बोहारीण दारात येऊन तीच गाय शिवबाईला रंगवून सांगत होती आणि आई तोंडावर पदर धरून ‘अगं बाई, खरं?’ म्हणत होती. छोटा ईरप्पा माठाकडे धावला होता, आणि पाण्यावर तांब्यासारखी साय धरलेली… की ती दुसऱ्या दिवशी धरली? आता आठवत नाही. आठवतात ते आईचे दोन नियम: थापेत घरातल्या माणसाचं नाव घालायचं नाही, आणि एकदा बाहेर गेलेली थाप घरच्यांनी मोडायची नाही. मोडली तर माठ कायमचा जातो.

सात रस्त्यावर तिप्पण्णाच्या पानाच्या ठेल्याशी ऊन आलं होतं. बाकावर दोघंतिघं बसली होती. ईरप्पाने सुपारी मागितली आणि आईसारखं सहज, मधूनच सुरू केलं.

“किल्ल्याच्या खंदकात मगर निघालीया म्हनं. पाठीवर पिंड हाय.”

तिप्पण्णाने कातात भरलेलं बोट फडक्याला पुसलं. “अण्णा, माट बिघडला वाटतं!”

बाक खदखदला. “मगर विजापूरच्या गाडीनं आली का हो? तिकीट काढलं व्हतं का?”

“जर्मन पुडी घ्या की अण्णा. तिला थाप लागत न्हाय. गरम पानी बास.”

ईरप्पाही हसला. हसताना त्याला दिसलं की हे लोक वाईट नाहीत; आईच्या वेळचे लोक खोटं अंगावर घ्यायला तयार असत, आणि आता तेवढी उसंत कुणाला नव्हती, एवढंच. सुपारी दाढेखाली तशीच राहिली. परत जायचं, माठावर झाकण ठेवायचं, सूत डोक्यावर घेऊन सावित्रम्माकडे… आणि त्याचं तोंड आपोआप बोललं.

“काल माढ्याच्या टेसनावर आमचा मल्लू दिसला म्हनं.”

कुणी हसलं नाही. तिप्पण्णाचा हात चुन्याच्या डबीवर थांबला. गोऱ्यांच्या मार्शल लॉच्या दिवसांत ईरप्पाचा मुलगा डोक्यावर बंदी असलेली पांढरी टोपी घालून घराबाहेर पडला तो परतला नव्हता, हे बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला तीन पावसाळे झाले. कुणी मुंबई म्हणालं, कुणी निजामाच्या मुलखाकडे बोट दाखवलं. नंतर नंतर लोक त्याच्यासमोर मल्लूचं नाव घेईनासे झाले.

“कुनी बघितला?” तिप्पण्णाने हळूच विचारलं.

“माढ्याचा एक मानूस भेटला.” थांबायला हवं होतं, पण हात बसलेल्या कामासारखं पुढचं सुचत गेलं. गाईच्या कानाला भोक पाडणाऱ्या आईचा हा मुलगा. “दाढी वाढलीया म्हनला. पर नखं अजून निळी हायत.”

“मग त्योच की!” बाकावरचा एक जण म्हणाला. तिप्पण्णाने सुपारीचे पैसे घेतले नाहीत.

घरी येताना त्याला ती चूक दिसली. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत पाचसहा महिन्यांत नवं येतं. आजारपणात माठाला हात लागला नाही तेव्हा स्वतःच्याच नखावर त्याने ते पाहिलं होतं. निळी कोर वर वर सरकत गेली, एक दिवस कापून टाकली, संपलं. तीन पावसाळ्यांनी निळं नख कुठून राहणार? बाकावरच्यांना ते कळायचं कारण नव्हतं. पण ज्याला कळायला हवं असं एक माणूस घरात होतं.

दुपारभर तो सुताच्या लडी उगीच मोकळ्या करीत बसला. मल्लूची बायको गौरा नळावर गेली होती. तिला आल्याबरोबर सांगून टाकावं… सूनबाई, कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नको, माठासाठी बोललो मी. एवढंच तर वाक्य. पण ते बोललं की थाप मोडली, आणि माठ… त्याने समोरच्या पांढऱ्या सुताकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत थांबू, असं तो स्वतःला म्हणाला.

गौरा आली ती घागर कमरेवर विसरून दारातच उभी राहिली. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं.

“मामा, सावित्रम्मा म्हनत व्हती… माढ्याला…” तिने दम घेतला. “तुमाला ठावं हाय न्हवं? मला का न्हाय सांगितलं?”

आता. आताच. तो खाली बघत होता, तिच्या घागरीवरच्या बोटांकडे.

“नखं निळी हायत म्हनं,” ती म्हणाली.

“गौरा…”

“व्हय मामा, मी बी तेच म्हनलं. पयली निळाई कुटली ऱ्हायला!” ती हसली, तीन वर्षांत तिचे दात त्याने पाहिले नव्हते. “म्हंजे कुटंतरी माटावरच हायत की ते. धंदा न्हाय सोडला. गाडीनं येतील का, वो? का चालत?”

त्याच्या चुकीत तिला एक दार सापडलं होतं, आणि त्याला स्वतःला ते दिसलं नव्हतं. नख निळं असेल तर माठ असणार. अक्कलकोटकडे, कुठल्या तरी खेड्यात अजून माठ चालत असतील, तिथे कुणी त्याला हाताखाली ठेवून घेतलं असेल… आणि माढ्याचा माणूस? तो तर नव्हताच. पण नसलेला माणूस बरोबर बोलला नसेल कशावरून? मी बोललो म्हणजे ते खोटंच झालं का?

उजेड उतरत होता. अंगणात गौरा सडा घालत होती, भल्या सकाळी घालतात तसा, पाण्याची ओंजळ दूरवर फेकीत. ईरप्पा माठघरात गेला. थाप परक्या तोंडून फिरून उंबऱ्याशी आली होती. आता बघायलाच हवं. त्याने झाकण काढलं आणि श्वास धरला, वास येऊ नये म्हणून. वासावरूनच त्याला कळलं असतं. सुताची एक लड पाण्यात सोडली, मनगटापर्यंत हात घालून ती दाबली. पाणी कोमट होतं. गोवऱ्यांमुळे असेल.

माठ जागा झाला असेल, तर तो खोट्यावर जागा झाला, म्हणजे माढ्याला मल्लू नाहीच. आणि मेलेलाच असेल…

त्याने लड वर काढली आणि मुठीत आवळून धरली. एकदा मूठ उघडली की वारा लागणार, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. बोटांच्या फटींतून थेंब खाली पडत होते. त्यांचा रंग दिसू नये म्हणून तो दाराकडे बघत राहिला. बाहेर पाणी मातीवर पडल्याचा आवाज येत होता, पुन्हा, पुन्हा. कोपऱ्यातलं सगळं सूत त्याला आठवत होतं, राख आठवत होती. आणि तरी, रोज सकाळी कुंकू लावताना ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात, माठाकडे पाठ करून तो पुटपुटत होता, “उठू नको बाबा… उठू नको…”